मधली हातभर जागा

सुरतेत बर्फ दिसतो तो दोनच ठिकाणी, गोळेवाल्याच्या गाडीवर आणि मासळीबाजारात. आणि तरी पर्वत पाटियाजवळच्या एका सोसायटीत, दुसऱ्या मजल्यावर, एक माणूस दर वर्षी दिवाळीचा फराळ संपायच्या आत बर्फावर चालायच्या पट्ट्यांना इस्त्री करायला बसायचा. हसू येतं ना? शेजाऱ्यांनाही यायचं. जिन्यात गरम मेणाचा वास सुटला की खालच्या मजल्यावरच्या पुष्पाबाई म्हणायच्या, "बसले वाटतं भाऊ लाकडं शेकायला."

या भाऊंचं नाव प्रभाकरराव. मूळचे पारोळ्याकडचे. टेलिफोन खात्यात जमिनीखालच्या केबली जोडायच्या कामावर सुरतेला आले आणि इथेच रिटायर झाले. बायको मंगला सुरतेत प्लेग आला त्याच्या आदल्या वर्षी गेली. एकुलती एक मुलगी तेजस्विनी. ही पोर कॉलेजात असताना एन.सी.सी.कडून हिमाचलात डोंगर चढायला गेली आणि परत आली ती बर्फाचं खूळ डोक्यात घेऊनच. उतारावरून धाडकन खाली येणारी स्की वेगळी. तेजूची स्की लांब पल्ल्याची, सपाटीवर आणि चढावर मैलोन्मैल स्वतःच्या पायांनी रेटत न्यायची. पट्टी अरुंद, माणसाहून उंच, बूट फक्त पुढच्या टोकाशी अडकवलेला आणि टाच मोकळी. मनालीच्या वरच्या अंगाला एका प्रशिक्षण केंद्रात ती चार हिवाळे हंगामी म्हणून शिकवत होती. हंगाम संपला की पट्ट्या खांद्यावर टाकून घरी ठेवायला यायची आणि दिवाळीला त्या न्यायला, कारण तिथल्या खोलीत ओल आणि उंदीर दोन्ही तिच्या आधीपासून मुक्कामाला होते.

एप्रिलमध्ये पट्ट्यांच्या तळाला मेणाचा जाड थर द्यायचा आणि तसाच ठेवायचा, म्हणजे उन्हाळ्यात तळ सुकत नाही. दिवाळीत तो थर खरवडायचा, नवं मेण इस्त्रीनं जिरवायचं, थंड झालं की तेही खरवडायचं आणि बूटपॉलिशच्या ब्रशनं चकचकीत घासायचं. मंगलाचं शिलाई मशीन आणि एक स्टूल, त्यावर पट्टी आडवी. अलीकडे बाबा इस्त्री घेऊन, पलीकडे तेजू पट्टी धरून. पट्टीच्या मधली, बुटाखालची हातभर जागा मात्र कोरी ठेवायची. पुढं आणि मागं घसरायचं मेण. मधे पकडीचं मेण, चिकट, आणि ते तेजू तिथं गेल्यावर बर्फ मुठीत घेऊन, दाबून बघून मग लावायची. त्या हातभर जागेवर पाय दाबला की बर्फ धरून ठेवतो आणि माणूस पुढं जातो. तिथं चुकून घसरायचं मेण गेलं तर चिकट मेण त्यावर टिकत नाही. चढ लागला की पाय मागच्या मागे, आणि माणूस तोंडावर.

आता ही गोष्ट केबलवाल्याच्या डोक्याला पटली तरी हाताला कशी पटावी? प्रभाकररावांचा जन्म गरम मेण आणि शिसं यांत गेला होता. सुरतेच्या जमिनीत पाणी कधी शिरेल नेम नाही. केबलच्या जोडावर नखाएवढी जागा उघडी राहिली तर अख्ख्या गल्लीचे फोन मुके. 'उघडं ठेवायचं नाही,' एवढं एकच वाक्य त्यांच्या उस्तादानं शिकवलं होतं, आणि ते हातात मुरलं होतं. म्हणून दर वर्षी त्यांची इस्त्री मधल्या जागेकडे सरकू लागायची, आणि दर वर्षी तेजू तिथं दोन्ही तळवे पालथे घालून बसलेली असायची. "बाबा, हात," ती म्हणायची, की इस्त्री थांबायची. खुणेच्या चिकटपट्ट्यासुद्धा लावलेल्या असायच्या, पण खरी खूण म्हणजे ते तळवे.

घरात इस्त्री एकच. त्यामुळे दिवाळीनंतरच्या पहिल्या शर्टावर मेणाचा डाग ठरलेला. नोकरीत होते तोवर ऑफिसात विचारायचे, "काय प्रभाकरराव, भजी दाबून हाणली वाटतं?" ते घरी येऊन तेजूवर चिडायचे आणि ती हसून हसून बेजार व्हायची.

प्लेगनंतरच्या दुसऱ्या वर्षी तेजू दिवाळीला आली नाही. पाडवा गेला, भाऊबीज गेली, आणि एका सकाळी फोन आला.

"बाबा, सुट्टीच मिळाली नाही हो. ऐका ना, इथं कायमची जागा निघालीय. एकच आहे, आणि आम्ही तिघं. बर्फ पडला की परीक्षा. लांब पल्ला आहे, आणि निम्मा चढ."

"कायमची म्हणजे, तिथंच?"

"मिळाली तर. नाही मिळाली तर आता बस झालं बाबा. किती वर्षं हंगामी राहू? येते परत. आपल्या तिथल्या शाळेत पी.टी.च्या बाईंची जागा आहे ना, ती धरते. तुम्ही कधीचे म्हणताय." मग ती म्हणाली, "पट्ट्या तुम्ही एकट्यानं तयार कराल ना? गजेंद्र साड्यांचा ट्रक घेऊन चंदीगडला येतो. तिथं माझी मैत्रीण उतरवून घेईल. मला पोचतील त्या परीक्षेच्या तोंडावरच. मी फक्त पकडीचं मेण लावीन. बाकी तुमच्या हातचं काम, मला तपासायची गरज नाही."

"होईल गं तुझं," प्रभाकरराव म्हणाले.

तोंडानं म्हणाले. मनात काय होतं? मनात होतं, देवा, नको होऊ दे.

आणि त्यांना तरी कुठल्या तोंडानं नावं ठेवायची? एकट्या माणसाचं घर कसं असतं ते ज्याचं त्यालाच ठाऊक. कुकरमध्ये वाटीभर तांदूळ लावायचा तर तोही दोन वेळा पुरतो. बातम्या लागल्या की बातम्या देणाऱ्या बाईंना नमस्कार करावासा वाटतो. टेलिफोन खात्याचा माणूस म्हणून घरात फोन होता, तो दिवसातून किती तरी वेळा ते उगाच उचलून कानाला लावायचे. लाइन चालू आहे ना, एवढंच बघायला. चालू असायची. ती घूं करायची, हे ऐकायचे आणि ठेवून द्यायचे. सोसायटीतली पोरं जिन्यात भेटली की "केम छो काका" म्हणून पळायची. मंगला असताना घरात भांडायला तरी कुणी होतं. आता शेवग्याच्या शेंगांना चव नाही हे सांगायचं कुणाला?

डिसेंबर लागला. गजेंद्रचा निरोप आला की परवा दुपारी पट्ट्या न्यायला येतो. प्रभाकररावांनी मशीनवर जुनी चादर अंथरली, पट्ट्या काढल्या, उन्हाळ्याचा थर खरवडला. खुणेच्या चिकटपट्ट्या सुरतेच्या उकाड्यात वाळून केव्हाच गळून पडल्या होत्या. इस्त्री तापली. तिच्या टोकाला मेणाची वडी टेकवून पट्टीभर थेंब सोडले आणि इस्त्री फिरवायला घेतली. पलीकडे कुणी नव्हतं. पट्टी डुगडुगत होती, तिच्यावर त्यांनी मंगलाची कात्री वजन म्हणून ठेवली. मनात तेजूचं ते 'येते परत' चाललं होतं. आली तर तिची खोली झाडायला हवी. माळ्यावरची गादी काढायला हवी. शाळा तशी जवळ, सायकलनं जाईल. इस्त्री पुढून मागं गेली, मागून पुढं आली, मऊ, सावकाश, तीस वर्षांच्या सवयीची.

दुसरी पट्टी संपवून त्यांनी दोन्ही उजेडात तिरक्या धरल्या. दोन्ही पट्ट्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सारख्या चमकत होत्या. मधली हातभर जागा कुठं सुरू होते आणि कुठं संपते, काही कळत नव्हतं. समोर तळवे नव्हते. हाताला उस्तादाचं तेवढं एकच वाक्य ठाऊक, आणि हातानं ते पाळलं होतं.

इथं एक गोष्ट सांगायलाच हवी, झाकून उपयोग नाही. त्यांना फार वाईट वाटलं नाही. आधी वाटलं, पुसून काढू. मग वाटलं, चहा घेऊन काढू. चहा घेता घेता वाटलं, आपण काही मुद्दाम केलं का? चूक माणसाकडूनच होते. ती चढाला लागेल, पाय मागे येईल, जागा दुसऱ्या कुणाला तरी मिळेल आणि पोरगी घरी येईल. घरी येईल! हा शब्द मनात आला आणि त्यांना कपातला चहा एकदम गोड लागला. तेजू तपासणार नाही हे तिनंच सांगितलं होतं. ते उठले, मेण थंड झालं होतं ते खरवडलं, मधेही खरवडलं, आणि मधेही तितकंच छान ब्रशनं घासलं. चूक झाली ती झाली, पण चुकीला कुणी असा ब्रश मारत बसत नाही.

ठरल्या दुपारी गजेंद्र आला. नवागामचा पोरगा, साड्यांची पार्सलं घेऊन उत्तरेकडे ट्रक चालवायचा. पट्ट्या हातात घेऊन त्यानं खालपासून वरपर्यंत पाहिलं.

"काका, हाई काय शे? बरफना नांगर का?"

"तेजूच्या आहेत. जपून ने रे बाबा."

"बहीणनं सामान शे, डोकावर लई जासू. ट्रक कडोदऱ्याला भरतोय, संध्याकाळी हालेल," म्हणत तो जिना उतरला. पट्ट्या कठड्याला घासत खाली गेल्या, त्याचा आवाज शेवटच्या पायरीपर्यंत येत राहिला.

प्रभाकररावांनी मग घर डोक्यावर घेतलं. तेजूची खोली झाडली, गादी गच्चीवर उन्हात टाकली. भाजीवाल्याकडे जाऊन विचारून आले, भरताची वांगी केव्हापासून येणार, जळगावकडची, हिरवी. येताना पुष्पाबाई ओट्यावर लसूण सोलत बसलेल्या दिसल्या.

"आज भारी खुशीत, भाऊ?"

"तेजू येतेय बहुतेक. कायमचीच."

"का, त्या परीक्षेत काही झालं का?"

"परीक्षा अजून व्हायची आहे."

पुष्पाबाईंचा हात लसणीवर थांबला. "मग तुम्हाला आधीच कसं ठाऊक?"

प्रभाकरराव पिशवीकडे बघत उभे राहिले. पुष्पाबाईंना वाटलं, बाप घाबरलाय, पोरीला जमणार नाही म्हणून. त्या समजुतीच्या सुरात म्हणाल्या, "असं म्हणू नका हो. आमची नूतन नर्सिंगला नापास होऊन आली होती ना, सहा महिने ताटावरून मान वर केली नाही तिनं. कुणी काही बोललं नव्हतं. तिचं तिलाच वाटायचं, आपण बिनकामाच्या. घरात असून नसल्यासारखी. त्यापेक्षा लांब राहिलेली परवडते."

प्रभाकरराव जिना चढले, घरात येऊन खुर्चीवर टेकले. समोर जेवायचं टेबल. तिथं तेजू बसलेली त्यांना दिसली, मान खाली घालून भरीत चिवडणारी. ती म्हणणार नाही की बाबांनी घात केला. ती म्हणेल, मलाच चढ झेपला नाही. जन्मभर म्हणेल. आणि आपण समोर बसून तिला म्हणणार, आणखी थोडं वाढू का? तीस वर्षांत त्यांच्या हातचा एक जोड उखडावा लागला नव्हता, आणि हा एक जोड त्यांनी ब्रश मारून पाठवला होता. त्यांना स्वतःची किळस आली.

मग मात्र ते थांबले नाहीत. स्टोव्हमधलं रॉकेल बाटलीत ओतलं, फडकी घेतली, खरवडायची प्लॅस्टिकची पट्टी घेतली, टेबलाच्या खणातला चिकटपट्टीचा गुंडाळा खिशात टाकला. पाटियावरून कडोदऱ्याची शटल रिक्षा मिळाली. "काका, आ शेनी वास आवे छे?" शेजारचा माणूस नाक धरून विचारत होता. प्रभाकररावांनी बाटली मांडीत दाबून धरली आणि रस्त्याकडे पाहत राहिले. प्रत्येक समोरून येणारा ट्रक त्यांना गजेंद्रचाच वाटत होता.

कडोदऱ्याला हायवेच्या कडेला ट्रकची रांग होती. गजेंद्रच्या ट्रकवर ताडपत्री ओढून झाली होती आणि तो चहा पीत होता.

"काका? इथे कसे?"

"पट्ट्या सोड, गजू. मधे मेण गेलंय. माझ्या हातून गेलंय."

"मंग काय व्हयनं? मेणच तर शे."

"पोरगी पडेल रे."

"थांबा, दोरी सोडस," गजेंद्र म्हणाला आणि वर चढला.

ट्रकचा मागचा फाळका उघडून त्यावर त्यांनी पट्टी पालथी टाकली. प्रभाकरराव खरवडू लागले. खरवडून झालं की रॉकेलचं फडकं, मग कोरडं फडकं, मग चिकटपट्टीचा तुकडा फाडून मधल्या जागेवर चिकटवून बघायचा. मेण असेल तिथं तो धरणार नाही. तुकडा लावला, आणि तो वाऱ्यानंच उडाला. मेण इस्त्रीनं जिरवलं होतं, वरवर पुसून जाणारं नव्हतं. पुन्हा खरवडलं, पुन्हा पुसलं. तुकडा बोट लावताच सुटला. पट्टी फाळक्यावर हलत होती, हात घामानं निसरडे झाले होते. पुढच्या ट्रकवाल्यानं हॉर्न मारला. गजेंद्रच्या शेठचा माणूस लांबून ओरडला की निघायचं आहे की नाही.

"मी धरू का?" गजेंद्र म्हणाला आणि पलीकडे उभा राहून त्यानं दोन्ही तळवे पट्टीवर ठेवले. ग्रीसनं काळे झालेले, मोठे तळवे. प्रभाकरराव क्षणभर त्यांच्याकडे बघतच राहिले.

"जरा दूर दूर ठेव. एक इकडे, एक तिकडे. हां. आता यांच्या मधलं सगळं काढायचं."

पट्टी हलायची थांबली. शेवटचा हात पेट्रोलचा दिला, ते गजेंद्रनं चहावाल्याच्या मोपेडमधून वाटीत काढून आणलं. मग प्रभाकररावांनी तुकडा चिकटवला आणि ओढला. निघेना. नखानं कोपरा उचलून ओढला तेव्हा चर्र आवाज करत निघाला. दुसऱ्या पट्टीलाही तेच सगळं केलं, आणि तिथंही तुकडा धरला. त्यांनी मधल्या जागेच्या दोन्ही कडांना नव्या खुणा लावल्या, चिकटपट्टीच्या, सरळ, केबलवर लावायचे तशा.

"आता ने," ते म्हणाले.

ट्रक निघून गेला. प्रभाकरराव रिकामी बाटली घेऊन रस्त्याच्या कडेला उभे होते आणि त्यांना रडू येत होतं. चांगलं काम केलं म्हणून येत नव्हतं. पोरगी गेली म्हणून येत होतं. आपल्याच हातानं तिचा पाय पुढं सरकवून दिला, आणि आता ती त्या पायानं लांबच जाणार, हे त्यांना तिथं उभं राहून स्वच्छ कळलं होतं. चहावाल्यानं न मागता अर्धा चहा आणून दिला. त्यालाही रॉकेलचा वास येत होता. त्यांनी तो पिऊन टाकला.

घरी आल्यावर त्यांनी गच्चीवरची गादी खाली आणली आणि पुन्हा माळ्यावर टाकली.

नाताळाच्या सुट्ट्या लागल्या होत्या, सोसायटीतली पोरं पतंगांचा मांजा करत होती, तेव्हा फोन वाजला. प्रभाकररावांनी पहिल्याच घंटीला उचलला.

"बाबा, झालं माझं."

"झालं?"

"झालं. काय पकड बसली सांगू, एकदाही पाय मागे आला नाही. चढावर मी दोघांना मागे टाकलं. मधली जागा किती स्वच्छ ठेवली होती हो तुम्ही. मला वाटलंच होतं तुमची इस्त्री जाणार तिथं. मी नव्हते, मग हात कुणी धरला?"

"गजूनं धरला."

"गजेंद्रनं?" ती हसली. "बाबा, आणि मला इथं कोरडी खोली मिळणार आहे. लोखंडी कपाट आहे तिच्यात. आता पट्ट्या इथंच ठेवता येतील. दर वर्षी तुम्हाला तो घाट नको."

"बरं झालं."

"तुमच्या शर्टाला डाग नाही ना पडला या वर्षी?"

"नाही अजून," प्रभाकरराव म्हणाले. "थंडीचं सांभाळ. जेवत जा."

फोन ठेवल्यावर त्यांनी तो पुन्हा उचलला आणि कानाला लावला. लाइन चालू होती.

पोरीला नोकरी लागली म्हणजे पेढे वाटायला हवेत, आणि पेढे वाटायचे तर धुतलेला शर्ट हवा. त्यांनी पांढरा शर्ट काढला, मशीनवरच्या त्याच चादरीवर पसरला. इस्त्री त्या दिवसापासून तशीच पडली होती, तळाला मेण सुकून बसलेलं. दर वर्षी ती पुसायची कितीदा तरी आठवण करून द्यायला लागायची. या वेळी आठवण होती. त्यांनी पुसली नाही. तापली तशी शर्टावर फिरवली, आणि खिशाच्या खाली पिवळट, तेलकट डाग उमटला.

पुडा घेऊन ते खाली गेले. पुष्पाबाईंनी पेढा तोंडात टाकला, तोंड भरून पोरीला आशीर्वाद दिला, आणि मग त्यांचं लक्ष गेलं.

"अहो भाऊ, पांढऱ्या शर्टाला डाग पाडलात की."

"असू द्या," प्रभाकरराव म्हणाले. "शेवटचाच आहे."